रंगाखालचं लोखंड

कान्हूभाऊंचं काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते आमच्या तुळशीवृंदावनापाशी. गिलावा नवा केला होता, त्यावर रंगाचा हात फिरवून द्या म्हणून मी त्यांना हाक मारली होती. पुढची बाजू झाली, कडेच्या दोन झाल्या, आणि मग हा माणूस भिंत आणि वृंदावन यांच्यामधल्या वीतभर फटीत आडवा होऊन मागची बाजू रंगवायला लागला. मी म्हटलं, "अहो, तिकडं कोण बघणार आहे?"

फटीतूनच आवाज आला, "तुळस बघते ना, वहिनी."

त्या दिवशी वहीत तिथीखाली मी एवढंच लिहिलं होतं: वृंदावन रंगवलं, चारी बाजूंनी.

कान्हू जनू ठाकूर हे त्यांचं पूर्ण नाव. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या परसाला लागून त्यांचं घर. जागा त्यांच्या बायकोच्या, बायजाबाईंच्या, माहेरची. त्यामुळं गावातले टवाळ त्यांना अजून जावईबापू म्हणतात. मूळचे ते धरमतरच्या खाडीकडचे. वडील जनूबाबा मिठागरावर कामाला. तिथल्या घराच्या गोष्टी कान्हूभाऊ सांगायला लागले की ऐकत बसावं. दाराची बिजागरी दोन पावसाळे टिकायची नाही. पत्र्याच्या पेटीला तळ राहायचा नाही. जनूबाबांच्या कंदिलाची कडी एकदा चालता चालता तुटून हातात आली आणि कंदील चिखलात. "मिठाला उघडं लोखंड दिसलं, का त्यानं ते खाल्लंच," असं कान्हूभाऊ शेजाऱ्याच्या खोडीबद्दल सांगावं तसं सांगतात.

सोळाव्या वर्षी ते पेणला गणपतीच्या कारखान्यात गेले. आधी मूर्ती घासायचं काम, मग अंगाचा रंग, मग सोवळ्याच्या किनारी, आणि बारा-पंधरा वर्षांनी डोळ्यांची आखणी. आखणी सगळ्यांत शेवटी होते. त्यांच्या कारखान्याचा दंडक असा, की एकदा डोळे आखले की त्या मूर्तीला पॉलिशपेपर लावायचा नाही आणि कोरणीही लावायची नाही. काही राहिलं असेल तर ते आधी बघायचं. दुसरा दंडक असा, की मूर्तीवर टिचभरही जागा कोरी सोडायची नाही. पाटाच्या खालची बाजूसुद्धा रंगवायची. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आपण देवाला पुढून नमस्कार करतो, पण त्याला घडवणाऱ्यानं सगळीकडून पाहिलेलं असतं.

या कामापायी लग्नानंतरही एकोणीस वर्षं ते पेणलाच राहिले. कारखाना सुटायच्या वेळेला रोह्याकडे यायला ना एस.टी. मिळायची ना रेल्वे. कारखान्याच्या माळ्यावर त्यांची वळकटी. घरी यायचे रविवारी, आणि गणपती जवळ आले की तेही नाही. त्यांची लेक मालू चालायला लागली, शाळेत गेली, मोठी झाली, कोलाडला सासरी गेली. हे सगळं त्यांनी रविवार-रविवार पाहिलं. बायजाबाई तक्रार करत नसत, टोमणे मारत. "मालूच्या साखरपुड्याला सगळे पाव्हणे आले, त्यात एक पेणचा पाव्हणा पण होता," हा त्यांचा ठरलेला.

मालू गेल्यावर घरात बायजाबाई एकट्याच उरल्या. त्या वर्षी कान्हूभाऊंनी मोटारसायकल घ्यायचं मनावर घेतलं. धरमतरजवळ मिठाच्या गोदामावरचे एक जुने कारकून होते, त्यांची सत्त्याहत्तर सालची राजदूत शेडमध्ये पडून होती. ती टेम्पोत घालून त्यांनी अष्टमीला आणली आणि त्यांची गल्ली अरुंद म्हणून आमच्या अंगणात उभी केली. ही दोन हजार सहाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाडी कसली, गंजाचा ढीग होता. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांनी चष्मा वर करून गाडी बघितली आणि म्हणाले, "कान्हू, हिला मोक्ष द्या."

कान्हूभाऊंनी तिला मोक्ष दिला नाही. इंजिन पेणच्या मेस्त्रीकडून करून घेतलं आणि बाकीची गाडी दर रविवारी एकेक तुकडा करून सोडवली. प्रत्येक तुकडा घासला, त्याला लाल प्रायमर लावला, उन्हात ठेवला आणि मग काळा रंग, एकावर एक तीन हात. नटबोल्ट आमच्या जुन्या सुपात ओळीनं मांडून वाळवले. बोल्टांची भोकंसुद्धा त्यांनी आतून बारीक कुंचल्यानं रंगवली. मी विचारलं तर म्हणाले, "मीठ तिथनंच शिरतं, वहिनी. आपण भोक विसरतो, मीठ विसरत नाय." टाकीवर आणि मागच्या मडगार्डवर त्यांनी सोनेरी रेघ ओढली, केसाएवढी, श्वास रोखून. ती ओढून झाल्यावर दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "झाली आखणी."

रस्त्यानं जाणारे थांबून गाडी बघत. आमचे हेही मोक्षाचं विसरून गेले.

आता राहिलं पासिंग. गाडीचे कागद कधीच संपलेले. पेणला नेऊन तपासणी करून ते नवे करून घ्यायचे होते. कारखान्याच्या मालकांनीही सांगितलं होतं, गुढीपाडव्यापासून हंगामाचं काम धरायचं. सकाळी आठला रोज हजर राहणार असाल तर घरून या, नाहीतर वळकटी माळ्यावर टाका. वडखळच्या नाक्यावर रोज बिनकागदाची गाडी घेऊन जायची, हे कान्हूभाऊंच्या स्वभावातच नाही. म्हणजे पासिंग झालं तर रोज रात्रीचं जेवण घरी, नाही झालं तर पुन्हा रविवार.

पहिल्या तपासणीला गाडी नापास झाली.

कारण इंडिकेटर. आधीच्या मालकानं चार इंडिकेटर बसवून घेतले होते, पुढं दोन आणि मागं दोन. साहेबांनी उजवीकडचं बटण दाबलं, तर पुढचा उजवा नुसता पेटून राहिला, मागचे दोन्ही मिणमिणले आणि पुढचा डावाही. उघडझाप कुणाचीच नाही. ब्रेक दाबला तर मागचा लाल दिवा आंधळा, आणि चारही इंडिकेटर अर्धवट जागे. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हाला वळायचंय कुठं? सगळीकडंच?" आणि पुढची तारीख दिली, पाडव्याच्या आधीच्या सोमवारची. त्यानंतरची तारीख महिनाभर पुढची होती.

मग सुरू झाली दुरुस्ती. पेणच्या मेस्त्रीनं फ्लॅशर बदलला. फ्लॅशर म्हणजे ती डबी, जिच्यामुळं दिवा टिकटिक करतो. फरक नाही. रोह्यात एकानं चारही बल्ब नवे घातले. फरक नाही. तिसऱ्यानं बॅटरी खराब ठरवली. नवी बॅटरी आली आणि मिणमिणणारे दिवे तेवढेच मिणमिणत राहिले. आमच्या ह्यांनी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली आणि जाहीर केलं, "परिपथ पूर्ण होत नाहीये."

"ते तर सायेब पण बोलले," कान्हूभाऊ म्हणाले. "कुठं होत नाय, ते सांगा ना सर."

ह्यांनी आकृतीची घडी घालून खिशात ठेवली. चहा घेऊन उठले.

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, अष्टमीतला केरू वायरमन आला. केरू म्हणजे कान्हूभाऊंचा लग्नातला करवला, त्यांची टिंगल करायचा त्याला जन्माचा हक्क. आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "जावईबापू, हिला हार घालू का नारळ फोडू?"

"आधी दिवा पेटव."

केरूकडं तपासायचा दिवा होता. छोटासा बल्ब, त्याच्या एका वायरीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, सुई वायरीत टोचायची. वायरीत करंट असेल तर बल्ब पेटतो. केरूनं चिमटा मडगार्डला लावला. सुई टोचली. अंधार. चिमटा साखळीच्या कव्हरला लावला. अंधार. सीटखाली लावला, बोल्टाला लावला, कॅरिअरला लावला. प्रत्येक ठिकाणी वाकून बघायचा आणि पुढं सरकायचा. मी ओट्यावर वाती वळत बसले होते. बघता बघता माझ्या लक्षात आलं, की हा माणूस दिवा तपासतच नाहीये, लोखंड शोधतोय.

"अरे कान्हू," तो कंबर धरून सरळ झाला, "या गाडीला लोखंड हाय कुठं?"

"सगळं लोखंडच हाय."

"तू दाखव मला. टिकलीएवढं दाखव."

दोघंही गुडघ्यावर बसून शोधायला लागले. अखेर सापडलं ते किकपाशी. पायानं घासून घासून तिथला रंग गेला होता आणि नखाएवढं लोखंड चमकत होतं. त्याला चिमटा लावून केरूनं मागच्या इंडिकेटरच्या वायरीत सुई टोचली, तर तपासायचा दिवा लख्ख पेटला.

"करंट तर मागंपर्यंत येतोय," केरू म्हणाला. मग त्यानं एक सुटी वायर घेतली. तिचं एक टोक किकच्या त्या चमकत्या जागेवर धरायला कान्हूभाऊंना सांगितलं, दुसऱ्या टोकाला सुई बांधली, आणि मागचे इंडिकेटर ज्या पट्टीवर बसवले होते त्या पट्टीच्या रंगात ती सुई खुपसली.

"अरे! रंग!" कान्हूभाऊ ओरडले.

"बटण दाब, बोंबलू नको."

त्यांनी बटण दाबलं. टिक, टिक, टिक. उजवीकडचे दोनच, पुढचा आणि मागचा, नारिंगी, झोकात. बायजाबाई परसातून धावत आल्या. केरूनं सुई काढली, की दिवे पुन्हा मिणमिणते. खुपसली, की टिकटिक.

"समजलं?" केरूनं सुई कान्हूभाऊंच्या नाकासमोर नाचवली. "एस.टी. रोह्यावरनं पेणला गेली. तिला परत यायला रस्ता लागतो का नाय? करंटला पण लागतो. बल्बात गेला, का त्यानं गाडीच्या लोखंडातनं परत बॅटरीला यायचं. तू लोखंडालाच दार लावलंस. पट्टी रंगवलीस, बोल्ट रंगवलास, भोक रंगवलंस, वायसर पण रंगवलास. मग तो बिचारा शेजारच्या दिव्यातनं वाट काढत पुढं जातो, म्हणून ते नको ते दिवे मिणमिणतात. पुढच्या दोघांना रस्ता हाय, कारण हँडल चकाकीचं, तिथं तुझा कुंचला चालला नाय."

"त्याला पण परत यायचा रस्ता नाय," बायजाबाई म्हणाल्या. "घरच्यासारखाच झाला की."

केरू खो खो हसला. कान्हूभाऊ हसले नाहीत.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय! पट्टी खोल, बोल्ट बसतो तिथला रंग खरवड, लोखंड उघडं कर. मडगार्डला पण तसंच. दोन तासांचं काम."

"दुसरी वायर ओढ ना. रंगाला हात नको."

"वायर ओढली तरी तिची टोकं उघड्या लोखंडालाच लागणार. खरवडायला तर पाहिजेच."

कान्हूभाऊ उठले आणि शेवग्याखालच्या दगडावर जाऊन बसले. "आखणी झालेली हाय," एवढंच म्हणाले.

केरूला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं समजावलं, मग चिडला. "अरे, गाडी हाय ही! उद्या सायेब काय आरती करणार हाय का तिची?" शेवटी त्यानं पेटी बंद केली. "पेणला तुला जायचंय, मला नाय," म्हणाला, पण गेला नाही, पेटीवर बसून तंबाखू मळायला लागला.

मला कान्हूभाऊंचं मन कळत होतं. नुसता हट्ट नव्हता तो. एक तर जन्मभराची शिस्त, आणि दुसरं ते खाडीकाठचं भय: उघडं लोखंड दिसलं की मीठ येणार. त्यांच्या हातून गाडीला जखम होणार होती आणि त्या जखमेतून गंज शिरणार होता. मी काहीतरी बोलणार होते, पण मला शब्द सुचण्याआधी बायजाबाई घरात जाऊन बाहेर आल्या होत्या. हातात मासळीचे खवले काढायची सुरी.

त्या तरातरा गाडीपाशी गेल्या आणि मागं उकिडव्या बसल्या. "केरूभाऊ, कुठला बोल्ट? ह्यो?"

"अगो, हात नको लावू!" कान्हूभाऊ दगडावरून उठले.

"का नको? तुमच्यानं होत नाय, तर मी करते. बोईट खरवडते तशी खरवडते."

"आखलेल्याला खरवडत नाय गो."

"मूर्ती खरवडू नका. मूर्ती देव हाय. ही काय हाय?" बायजाबाई उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "एकोणीस वर्सं तुमची कोरी जागा ठेवलीय मी घरात. ताटापाशी. मालू विचारायची, बाबा कधी येनार, तर मी सांगायची रविवारी. आता विचारनारं पण कोन नाय. या फटफटीवर रंग ऱ्हायला का गेला, मला काय त्याचं? ती मला रोज संध्याकाळी दारात पायजे. बास."

केरूनं मळलेली तंबाखू हातातच ठेवली.

कान्हूभाऊ आले, त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बाजूला ठेवली. "हिनं ओरखडे पडतील," म्हणाले. "माझी पिशवी आण."

पिशवीत त्यांच्या कारखान्यातल्या कोरण्या होत्या. त्यांनी पट्टी खोलली, मांडीवर फडकं टाकून त्यावर घेतली आणि वायसर जागेवर ठेवून पेन्सिलीनं त्याभोवती रेघ मारली. मग रेघेच्या आत, बरोबर वायसरखाली झाकलं जाईल तेवढंच, सगळ्यांत बारीक कोरणीनं खरवडायला सुरुवात केली. खरवडण्याआधी त्यांनी पट्टीला हात लावून कपाळाला लावला, ते मी पाहिलं. काळा गेला, लाल प्रायमर गेला, आणि खाली पांढरं लोखंड निघालं. इतकं गोल, की केरू म्हणाला, "अरे, नाकातली चमकी करतोस का?" पण आता चेष्टेत धार नव्हती. तो स्वतः मडगार्डचे बोल्ट सोडवून देत होता.

बोल्टांचे आटेही साफ केले. सगळं जोडलं, आणि बटण दाबलं. डावीकडचे दोन्ही टिकटिक. उजवीकडचा पुढचा पेटला, पण मागचा मेलेला. आता तर मिणमिणतही नव्हता.

"बल्ब गेला," केरू म्हणाला आणि डाव्याचा बल्ब काढून उजव्यात घातला. तरी अंधार. वायरीत सुई टोचली, करंट होता. केरू डोकं खाजवायला लागला. पट्टी उघडी केली, मडगार्ड उघडं केलं, आता राहिलं काय?

कान्हूभाऊंनी तो इंडिकेटर दांडीसकट काढून हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, आणि एकदम हसायला लागले. त्या दिवसाचं त्यांचं पहिलं हसू.

"दांडीच्या आतलं नट," म्हणाले. "डाव्याचं हरवलं होतं, म्हणून त्याला बाजारचं नवं लावलं. उजव्याचं जुनं होतं. आतापर्यंत कुठंतरी टेकून चालत होतं, खोलून जोडल्यावर सुटलं. ते मी आतून पण रंगवलंय."

"आतून! तिथं कोण बघणार होतं?"

"कोण नाय," कान्हूभाऊ म्हणाले आणि कोरणी पुन्हा हातात घेतली.

मी देवापाशी दिवा लावायला आत गेले. धावीर महाराजांच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावत होते, तेवढ्यात बाहेर बायजाबाईंची हाक आली, "वयनी, या गो, या!" तशीच हातात उदबत्ती घेऊन बाहेर आले. संधिप्रकाशात ती काळी गाडी उभी होती आणि तिची उजवी बाजू, पुढून नि मागून, एका तालात उघडझाप करत होती. मग डावी. मग ब्रेक, लालभडक. कान्हूभाऊ बटण इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होते. केरूनं खरवडलेल्या जागांवर आधीच ग्रीस चोपडलं होतं. "मिठाला आता हे खाऊ दे," म्हणाला. उदबत्ती हातात होतीच. मी ती गाडीभोवती एकदा फिरवली. आमचे हे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास कान्हूभाऊ परत आले. बायजाबाई सकाळपासून चार वेळा पुलापर्यंत जाऊन आल्या होत्या. साहेबांनी सगळी बटणं दाबली, ब्रेक दाबला, वाकून गाडीची मागची बाजू पाहिली आणि रंग कुणी दिला ते विचारलं. कान्हूभाऊंनी सांगितलं, मीच. साहेबांच्या घरी स्कूटर होती म्हणे. ती तशी करून द्याल का? "मी बोललो, देईन," कान्हूभाऊंनी सांगितलं, "पण सायेब, थोडी जागा कोरी ठेवावी लागंल. ते तयार झाले. कागदावर शिक्का मारला."

पाडव्याला त्यांनी गुढी उभारली आणि दुसऱ्या दिवसापासून हंगाम धरला. सकाळी साडेसहाला फटफट सुरू होते. मी तेव्हा पूजेची फुलं काढत असते. संध्याकाळी आठ-साडेआठला परत. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस उशीर होतो, पण घरी येतात. दर महिन्याला एका रविवारी बोल्ट खोलून गंज बघतात आणि नवं ग्रीस लावतात. अजून तरी गंज नाही.

परवा बायजाबाई दुधाला विरजण मागायला आल्या होत्या. जरा घुश्श्यातच. "काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? रविवारी येत होता तवा जे वाढीन ते गप जेवायचा. आता रोज येतो, तर रोज कालवणात खोट काढतो. काल बोलतो, खोबरं जाडं वाटलंय. मी बोलले, मग पेणलाच जेवायचं होतं!"

"मग काय म्हणाले?"

"काय बोलनार? आणखी भात मागितला," असं म्हणून त्या विरजणाची वाटी पदराखाली धरून घाईनं निघाल्या. साडेसात झाले होते आणि त्यांचं कालवण अजून चुलीवर चढायचं होतं.